संतांच्या नावामागे उरलेली नावं

काताविन्याच्या अलीकडे कुठेतरी माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीने कानातले इअरफोन काढले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "आई, इथे काहीच नाहीये."

ती अगदीच चुकीचं बोलत नव्हती. एल रोसारिओला आम्ही गाडीची टाकी काठोकाठ भरून घेतली होती, कारण तिथून ग्वेरेरो नेग्रोपर्यंतच्या साडेतीनशेएक किलोमीटरमध्ये पंपाचा भरवसा नसतो. मध्ये काताविन्याला रस्त्याकडेला ड्रम ठेवून पेट्रोल विकणारे भेटतात, तेवढंच. दोन्ही बाजूंना घराएवढे गोल दगड, त्यांतून वर आलेले चार मजली कार्दोन निवडुंग, आणि सिरिओ नावाचं एक विचित्र झाड, उलटं रोवलेल्या गाजरासारखं. माणूस नाही, विजेचा खांब नाही, फोनला रेंज नाही.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, लेक आणि वसईहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सॅन डिएगोला आलेली माझी आई. नाताळच्या सुट्टीत तंबू, शेगडी आणि पाण्याचे कॅन गाडीत घालून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात उतरायचं, असा बेत होता. साधारण बाराशे किलोमीटर लांबीची ही जमिनीची चिंचोळी पट्टी. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅलिफोर्नियाचं आखात आणि मध्ये वाळवंट. तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा डांबरी रस्ता पुरा झाला तो थेट १९७३ साली. त्याआधी इथून प्रवास करणं म्हणजे आठवडेच्या आठवडे धक्के खाणं.

आईचं वय त्र्याहत्तर. तंबूत झोपायला ती तयार होईल की नाही, याची मला धास्ती होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "पाणी कुठे मिळेल ते माहीत आहे ना?"

तिचा हा प्रश्न मला संपूर्ण प्रवासात पुरला.

पाण्याची वाट

बाहाच्या नकाशावर जुन्या मिशनांची ठिकाणं एका रेघेने जोडली, तर तयार होते ती पाण्याची वाट. १६९७ च्या ऑक्टोबरमध्ये हुआन मारिया दे साल्व्हातिएर्रा हा जेझुइट पाद्री मूठभर सैनिक घेऊन आखाताच्या किनाऱ्यावर लोरेतोला उतरला. त्यापूर्वी दीडशेहून जास्त वर्षं स्पॅनिश लोक इथे पाय रोवायला बघत होते. खुद्द कोर्तेस १५३५ मध्ये आला, पण त्याचीही वसाहत टिकली नाही. जेझुइट टिकले, कारण त्यांनी झरे शोधले. लोरेतोनंतर सान हाविएर, मुलेहे, सान इग्नासिओ असं प्रत्येक मिशन कुठल्या ना कुठल्या झऱ्यावर किंवा ओढ्यावर बसलं.

पण हे झरे त्यांनी 'शोधले' हे म्हणणं तरी कितपत खरं? ते त्यांना दाखवले गेले. द्वीपकल्पाच्या मध्यभागी कोचिमी, त्यांच्या दक्षिणेला ग्वायकुरा आणि अगदी टोकाला पेरिकू असे लोक राहत होते. ते शेती करत नसत. मासे, शिंपले, कंद, बिया, शिकार आणि पिताहाया नावाचं निवडुंगाचं फळ यांवर ते जगत. कोणत्या महिन्यात कोणत्या खोऱ्यात पाणी असतं, याचं ज्ञान हीच त्यांची शेती. अन्नाची तंगी इतकी, की पिताहायाच्या हंगामानंतर वाळलेल्या विष्ठेतून त्या फळाच्या बिया वेचून, भाजून, दळून पुन्हा खाल्ल्या जात. 'दुसरी सुगी' म्हणून याकोब बेगर्ट या जर्मनभाषक पाद्र्याने याचं वर्णन केलं आहे. त्याला त्यात रानटीपणा दिसला. मला मात्र त्यात वाया काहीही न जाऊ देणारा हिशेब दिसतो.

१६९७ च्या सुमाराला द्वीपकल्पात चाळीस ते पन्नास हजार माणसं असावीत, असा अभ्यासकांचा एक अंदाज आहे. सत्तर वर्षांनी, १७६८ मध्ये, त्यांतली सातेक हजार उरली होती. पुढच्या पाऊणशे वर्षांत द्वीपकल्पाच्या दक्षिण आणि मध्य भागातले हे समाज समाज म्हणून जवळजवळ नाहीसे झाले.

म्हणजे लेकीच्या वाक्याला उत्तर होतं. इथे काही नाही असं नाही. इथलं रिकामं झालं आहे.

सान इग्नासिओची वाडी

ग्वेरेरो नेग्रोची मिठागरं मागे टाकून वाळवंटातून दोनेक तास गेलं, की रस्ता एका खोलगट भागात उतरतो आणि एकदम हजारो खजुराची झाडं दिसतात. हे सान इग्नासिओ. आम्ही तिथल्या तळ्याकाठी तंबू ठोकला. आई चप्पल काढून पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "हे तर आपलं बावखल."

वसईकरांना बावखल सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. पावसाचं पाणी साठवून वाडीला पुरवणारा तलाव म्हणजे बावखल. माझ्या आजोळी बावखलाच्या काठी केळी आणि पानवेली होत्या. इथे खजूर, अंजीर, द्राक्षं आणि दगडी पाट होते. हे सगळं जेझुइटांनी लावलं. १७२८ साली मिशन उभं राहिलं आणि काळ्या ज्वालामुखी दगडाचं, मीटरभराहून जाड भिंतींचं आजचं चर्च दोमिनिकन पाद्र्यांनी १७८६ मध्ये पुरं केलं.

चर्चशेजारी छोटं संग्रहालय आहे. उत्तरेला सान फ्रान्सिस्कोच्या डोंगरात हजारो वर्षांपूर्वीची गुहाचित्रं आहेत. हात वर केलेली, अर्धी लाल अर्धी काळी, माणसाहून मोठी माणसं, आणि त्यांच्यातून धावणारी हरणं. तिथे जायला परवाना, वाटाड्या आणि खेचरं लागतात. आमच्याकडे तेवढे दिवस नव्हते, म्हणून संग्रहालयातल्या प्रतिकृतीवर समाधान मानलं. ही चित्रं कोणी काढली, असं पाद्र्यांनी विचारल्यावर कोचिमींनी सांगितलं होतं, की उत्तरेकडून आलेल्या राक्षसी आकाराच्या माणसांनी.

या मिशनचं पूर्ण नाव सान इग्नासिओ कादाकामान. कादाकामान हा कोचिमी शब्द आहे. त्याचा अर्थ बोरूचा, वेतासारख्या गवताचा ओढा. लोरेतोजवळचं मिशन सान फ्रान्सिस्को हाविएर विग्गे-बियाउंदो. पुढे संताचं नाव, मागे जागेचं. कोचिमी भाषा बोलणारं आज कोणी नाही. भाषेचे तुकडे उरले ते असे, संतांच्या नावाला धरून.

देवीचे वण

त्या रात्री शेकोटीपाशी लेकीने विचारलं, "पण आजी, आपल्याकडेही हेच पाद्री आले होते ना? मग आपण कसे उरलो?"

खरोखर, तेच पाद्री. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन, जेझुइट असे संघ आले. फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईला येऊन गेला होता. बाहातलं सान हाविएर म्हणजे तोच, ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे. एकच येशूसंघ, एकच शिस्त, एकच घंटा. तरी माझे सामवेदी ख्रिस्ती लोक आजही वसईत आहेत. त्यांची कादोडी बोली आहे, लग्नातली गाणी आहेत, लाल लुगडी आहेत.

सत्तेने तिकडे माया केली आणि इकडे केली नाही, असं मुळीच नाही. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं असं फर्मान काढलं होतं. उलट बाहातले काही पाद्री आपल्या लोकांसाठी मनापासून राबले.

उत्तर आईच्या दंडावर होतं. तिथे लहानपणीच्या लशीचे दोन गोल वण आहेत. आपल्याकडे त्या रोगाचं नावच 'देवी'. तो इतका जुना, की त्याला देव्हारा मिळाला. शतकानुशतकं त्याने माणसं मारली आणि जी वाचली ती पुन्हा त्याला बळी पडली नाहीत. बाहामध्ये देवी, गोवर, टायफस हे सगळे रोग नवे होते आणि पाठोपाठ आले. पांगून राहणाऱ्या लोकांना मिशनच्या आवारात एकत्र आणलं, की साथीला एका घरातून दुसऱ्या घरात जायला वेळ लागत नसे. प्रार्थनेसाठी वाजणारी घंटा रोगालाही माणसं गोळा करून देत होती. मुलं जगेनात आणि पुढची पिढी उभीच राहिली नाही.

शिवाय वसईचे लोक मुळात शेतकरी, संख्येने जास्त आणि चहूबाजूंनी आपल्यासारखंच बोलणाऱ्यांनी वेढलेले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा सत्ता गेली पण चर्च आणि वाड्या राहिल्या.

एवढं सांगून झालं आणि मी थांबले. कारण लेकीचा पुढचा प्रश्न मला दिसत होता. तो तिने विचारलाही. "मग मला कादोडी का येत नाही?"

याला साथ जबाबदार नव्हती. मी मुंबईला कॉलेजात गेले तेव्हा माझ्या बोलण्याला मैत्रिणी हसल्या. महिनाभरात मी 'शुद्ध' मराठी बोलायला शिकले. नवरा पुण्याचा. घरात त्याची मराठी, बाहेर इंग्रजी. कादोडी उरली ती आईशी फोनवर बोलण्यापुरती. मला कोणी फर्मान काढलं नव्हतं.

सान हाविएर

दोन दिवस बाहिया कोन्सेप्सिओनच्या हिरव्यानिळ्या पाण्याकाठी झावळ्यांच्या छपराखाली काढून आम्ही लोरेतोला पोहोचलो. तिथून घाट चढून गेलं की उंच कड्यांच्या मध्ये सान हाविएरचं चर्च दिसतं. मिगेल देल बार्को या जेझुइटाने ते १७४४ ते १७५८ या काळात बांधून घेतलं. इतक्या आडजागी एवढं कोरीव दगडकाम बघून आपण गप्प होतो. मागे जुनं, पीळ पडलेलं ऑलिव्हचं झाड आणि अजून वाहणारे पाट.

देल बार्को इथे जवळजवळ तीस वर्षं राहिला. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या सगळ्या मुलखांतून जेझुइटांना हाकललं. पोर्तुगालने हेच १७५९ मध्ये केलं होतं आणि त्यात गोवाही आला. फेब्रुवारी १७६८ मध्ये बाहातले सोळा जेझुइट लोरेतोला जहाजावर चढवले गेले. देल बार्को इटलीत बोलोन्याला म्हातारा झाला आणि तिथे बसून त्याने या द्वीपकल्पातली झाडं, प्राणी, माणसं आणि कोचिमी भाषा यांबद्दल आठवेल ते सगळं लिहिलं. १७९० मध्ये तो वारला. त्याचं ते लेखन मेक्सिकोत पुस्तकरूपाने छापून आलं १९७३ साली, महामार्ग पुरा झाला त्याच वर्षी.

इथल्या भाषांचे जे थोडे सलग मजकूर उरले, त्यांत 'आमच्या बापा' ही प्रार्थना आहे. कोचिमीतली पाद्र्यांनी टिपून ठेवली, ग्वायकुरातली बेगर्टने आपल्या पुस्तकात दिली. लोक गेले आणि त्यांना शिकवलेली प्रार्थना राहिली. आमचं बरोबर उलटं. वसईच्या चर्चमध्ये आम्ही ती प्रार्थना प्रमाण मराठीत म्हणतो. कादोडी राहिली आहे ती भांडणात, स्वयंपाकात, लग्नात आणि शेतात. प्रार्थनेपेक्षा भांडण जिवंत असलेलं बरं, असं मला त्या चर्चच्या बाकावर बसून वाटलं.

कोचिमी रक्ताचं कोणीच उरलं नाही, असंही नाही. सान बोर्हा, सांता हेर्त्रूदिस या जुन्या मिशनांच्या आसपासची काही कुटुंबं आपलं मूळ कोचिमी सांगतात. उत्तरेकडे कोचिमीच्या नात्यातल्या भाषा अजून कानावर पडतात, पण त्यांतली किलिवा बोलणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

आई वेदीवरच्या झेवियरच्या मूर्तीसमोर बराच वेळ बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढ्या लांब येऊन हाच भेटला." मग पिशवीतून सुकेळीचं पुडकं काढलं, लेकीच्या हातावर एक ठेवली आणि एक ऑलिव्हच्या बुंध्याशी बसलेल्या म्हाताऱ्या माळ्याला दिली. त्याने चावून बघितलं, मान डोलवली आणि खिशातून वाळवलेलं अंजीर काढून तिला दिलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता.

त्या संध्याकाळी लोरेतोच्या किनाऱ्यावर तंबूपाशी लेकीने फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि आजीला सुकेळी कशी करतात ते कादोडीत सांगायला लावलं. आई सांगत गेली. राजेळी केळी कधी उतरवायची, किती पिकू द्यायची, सोलून मांडवावर किती उन्हं दाखवायची, रात्री दवातून कशी वाचवायची. मी वाक्यावाक्याला थांबवून लेकीला मराठीत सांगत होते. दहाएक मिनिटांनी एक शब्द आला आणि मी अडकले. केळी ज्यात गुंडाळून ठेवतात त्याचा काहीतरी शब्द होता. लहानपणी रोज ऐकलेला.

"म्हणजे काय?" लेकीने मला विचारलं.

मला येत नव्हतं. मी आईकडे बघितलं.