टंचाई नव्हे, दुष्काळ

1963 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक विलक्षण कायदा केला. राज्यातील कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून तिथे ‘स्कॅरसिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द बसवला. सरकार परिस्थितीवर नजर ठेवून असते, मदत वेळीच पोहोचते, तेव्हा दुष्काळाला आता वाव उरलेला नाही, असे कारण दिले गेले. पाऊस काही विधिमंडळाला विचारून पडत नाही.

1972 ला बीड जिल्हा होरपळला. सरकारदरबारी ती टंचाईच. मी इतिहास शिकवतो, घराण्यातला पहिला पदवीधर. खडी फोडून जगलेली आमच्या वस्तीतली म्हातारी माणसे ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात. टंचाई हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही.

तरी सरकार सारेच खोटे बोलले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. काम कुठे निघाले, मजुरी काय, सुकडी केव्हा मिळणार, एवढे खरे कळले तरी भूमिहीनाची चूल पेटायची. पण खबर कोणाच्या हाती? गावात दवंडी पिटण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या महाराकडे होते. ओरडणारा गावकुसाबाहेरचा, काय ओरडायचे ते ठरवणारा मात्र पाटील.

2023 साली धारूर, वडवणी, अंबाजोगाई हे तालुके दुष्काळी जाहीर झाले. राज्यातील आणखी 1021 महसूल मंडळांच्या वाट्याला ‘दुष्काळसदृश’ हा शब्द आला. बिऱ्हाड बांधून कारखान्याकडे निघालेल्या कोयत्याने या ‘सदृश’चा काय अर्थ लावायचा?