नाव आणि आकडा

सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले. त्या युद्धानंतर इंग्रज सरकारने आपल्याकडच्या अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. त्यांवरचा मजकूर ठरावीक असे: या गावातून महायुद्धावर किती माणसे गेली आणि किती मेली. नावे नाहीत. गेले कोण हे गावाला ठाऊकच होते, असे कुणी म्हणेल. पण नातवंडांना, पतवंडांना?

रडयार्ड किपलिंग हा मुंबईत जन्मलेला कवी. युद्धाचा मोठा कैवारी. १९१५ मध्ये त्याचा एकुलता मुलगा जॉन, वय वर्षे अठरा, फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला. किपलिंगच्या हयातीत त्याची कबर काही सापडली नाही. पुढे हाच बाप युद्धस्मारकांच्या आयोगाचा साहित्य सल्लागार झाला. मृतांचे नाव चिरकाल राहील, अशा अर्थाचे जुने धर्मवचन दफनभूमींतल्या शिळांसाठी त्यानेच निवडले. १९१९ मध्ये त्याने छोट्या मृत्युलेख-कविता प्रसिद्ध केल्या. त्यांतली एक फ्रान्समध्ये पडलेल्या हिंदू शिपायावर आहे. कविता मला मनापासूनची वाटते. पण तो शिपाई तिथेही निनावीच.

१९२७ मध्ये फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल इथल्या भारतीय स्मारकाच्या उद्घाटनाला किपलिंग बोलला. तिथे ४,७०० हून अधिक बेपत्ता भारतीयांची नावे दगडात कोरलेली आहेत. मग इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाचे काय? तिकडे तर आपली माणसे फार होती. कुतच्या वेढ्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपले, २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली, आणि कैदेतल्या पायपिटीत माणसे वाटेवर पडत गेली. १९२९ मध्ये बसऱ्याचे स्मारक खुले झाले. इंग्रज सैनिकांची नावे त्यावर आली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी कोरली.

आफ्रिकेत आणि मध्यपूर्वेत अशी वागणूक हजारोंच्या वाट्याला आली, हे त्याच आयोगाने २०२१ मध्ये अहवालात मान्य केले आणि माफी मागितली. बसऱ्याच्या शिपायांची नावे हरवलेली नव्हती, ती नोंदवहीत होती. आता ती आयोगाच्या यादीत कुणालाही वाचता येतात. काहींपुढे बापाचे आणि गावाचेही नाव आहे.