हृदयस्पंदन, प्रशिक्षण आणि मॅरेथॉनची गती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मॅरेथॉन ही आधुनिक क्रीडाविश्वातील सहनशक्तीची सर्वांत परिचित कसोटी होय. १८९६ साली अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूने ही शर्यत २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. त्या वेळी अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. ४२.१९५ किलोमीटर हे आजचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले आणि १९२१ मध्ये ते अधिकृत ठरले. एवढे दीर्घ अंतर कापताना शक्तीचे वाटप कसे करावे, हा प्रश्न या शर्यतीच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे. हा प्रश्न सोडविण्यासाठी हृदयाच्या ठोक्यांचा आधार घेण्याची पद्धत मात्र विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने घडत गेली. प्रस्तुत निबंधात या पद्धतीच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, हृदयस्पंदनाचा आकडा धावपटूच्या स्वानुभवाची जागा घेऊ शकतो काय, या प्रश्नाचा विचार केला आहे.

भयाचा कालखंड : हृदय टिकेल काय?

वैद्यकशास्त्राने धावपटूच्या हृदयाकडे प्रथम पाहिले ते प्रशिक्षणाच्या हेतूने नव्हे, तर भीतीपोटी. १८९९ मध्ये स्वीडनमधील हेन्शेन यांनी छातीवर बोटांनी ठोकून, म्हणजे केवळ ध्वनीच्या आधारे, बर्फावर घसरत शर्यत करणाऱ्या खेळाडूंची हृदये मोठी झाल्याचे नोंदविले. त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम्स आणि आर्नल्ड या डॉक्टरांनी बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंची तपासणी करून तीव्र श्रमाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला. मोठे झालेले हृदय हे सामर्थ्याचे लक्षण की विकाराचे, यावर पुढील अनेक दशके मतभेद राहिले.

१९०८ च्या लंडन शर्यतीने ही भीती दृढ केली. दिवस उष्ण होता. आरंभीच्या मैलांत ब्रिटिश धावपटूंनी अतिवेग घेतला आणि ते मागे पडले. शेवटच्या टप्प्यात वेग वाढवून आघाडी घेणारा इटलीचा दोरांदो पिएत्री क्रीडांगणात अनेकदा कोसळला. अधिकाऱ्यांनी आधार देऊन त्याला अंतिम रेषेपलीकडे नेले, म्हणून तो अपात्र ठरला आणि विजय अमेरिकेच्या जॉनी हेज याच्याकडे गेला. पुढच्याच, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो शर्यतीत कोसळून मृत्यू पावला.

या पार्श्वभूमीवर क्लॅरेन्स डीमार याचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. १९११ मध्ये त्याच्या हृदयाच्या ध्वनीत दोष आढळल्याने त्याला धावणे सोडण्याचा सल्ला देण्यात आला. तरीही त्याने ती शर्यत जिंकली आणि १९३० पर्यंत बोस्टन मॅरेथॉन एकूण सात वेळा जिंकली. १९५८ मध्ये कर्करोगाने त्याचे निधन झाल्यावर शवविच्छेदन झाले. त्याचे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या सामान्यांपेक्षा दोन ते तीन पट रुंद होत्या. एका व्यक्तीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. तथापि दीर्घ धावण्याने हृदय झिजतेच, या समजुतीला या उदाहरणाने छेद दिला.

भारतीय सहभाग

मॅरेथॉनच्या या आरंभकाळाशी मराठी मुलखाचा प्रत्यक्ष संबंध आहे. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था आणि सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडू पाठविण्यात आले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षी शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षाही अधिक होते. चौगुले यांनी सुमारे २ तास ५१ मिनिटांत ती पूर्ण करून एकोणिसावे स्थान मिळविले. स्पंदनमापक यंत्र तर दूरच, शास्त्रीय प्रशिक्षणाची कोणतीही सोय त्या काळी भारतीय धावपटूस उपलब्ध नव्हती. पुढे १९७८ मध्ये जालंधर येथे शिवनाथ सिंग यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ नोंदवून दीर्घकाळ टिकलेला राष्ट्रीय विक्रम केला. तोही मनगटावर असे यंत्र येण्यापूर्वीचा आहे. यंत्राच्या अभावी शरीराची जाण विकसित होतच नाही, असे म्हणता येणार नाही, हेच या दोन उदाहरणांवरून दिसते.

भयाकडून प्रशिक्षणाकडे

हृदयाचे ठोके प्रशिक्षणाचे साधन बनले ते जर्मनीतील फ्रायबर्ग येथे. प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हान्स राइंडेल यांनी १९३० च्या दशकात खंडित धावण्याची पद्धत विकसित केली. छोटे अंतर वेगाने धावून ठोके मिनिटाला सुमारे १८० पर्यंत न्यावेत. नंतरच्या विश्रांतीत ते ९० सेकंदांच्या आत १२० च्या आसपास उतरावेत. न उतरल्यास धाव अतितीव्र किंवा अतिदीर्घ होती असे समजावे, असा या पद्धतीचा गाभा होता. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला आणि तो १९५५ पर्यंत अबाधित राहिला. या पद्धतीत घड्याळाने नव्हे, तर शरीराने विश्रांतीची मर्यादा ठरविली, हे तिचे वेगळेपण होय.

१९५७ मध्ये फिनलंडचे कार्वोनेन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पायरी ओलांडली. कमाल ठोके आणि विश्रांतीतील ठोके यांतील फरक, म्हणजे स्पंदनाचा राखीव साठा, हा श्रमाच्या मापनाचा पाया मानावा असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. श्रमाची तीव्रता या साठ्याच्या सुमारे ६० टक्क्यांहून अधिक नसेल, तर प्रशिक्षणाचा परिणाम दिसत नाही, असे त्यांना आढळले. हा अभ्यास अगदी मोजक्या तरुण पुरुषांवर झाला होता, ही बाब मात्र पुढे विस्मरणात गेली.

यंत्राचे आगमन

हे ज्ञान दीर्घकाळ प्रयोगशाळेपुरते मर्यादित होते, कारण धावता धावता ठोके मोजणे कठीण होते. अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी हृदयाची विद्युत नोंद दूर प्रक्षेपित करणारे जे आरंभीचे यंत्र तयार केले, ते पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. खरा बदल फिनलंडमध्ये घडला. औलू विद्यापीठाशी संबंधित सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलर ही कंपनी स्थापन केली. १९८० च्या दशकाच्या आरंभी छातीवरील पट्टा आणि मनगटावरील घड्याळ असे तारविरहित साधन बाजारात आले. १९८२ मध्ये इटलीच्या फ्रान्सिस्को कोन्कोनी यांनी वेग वाढत असताना स्पंदनरेषा जेथे वळते, तो बिंदू शोधून धावपटूची मर्यादा ठरविण्याची चाचणी मांडली. ती लोकप्रिय झाली. मात्र सर्वच धावपटूंत हा बिंदू स्पष्ट दिसत नाही, असा आक्षेप पुढील संशोधकांनी घेतला.

सूत्राची मर्यादा

यंत्रासोबत एक सूत्रही घरोघरी पोहोचले : २२० मधून वय वजा करावे, म्हणजे कमाल ठोके मिळतात. हे सूत्र सामान्यतः फॉक्स आणि सहकाऱ्यांच्या १९७१ च्या लेखाशी जोडले जाते. २००२ मध्ये रॉबर्ग्ज आणि लँडवेअर यांनी त्याचा इतिहास तपासला असता, या सूत्रामागे कोणतेही स्वतंत्र मूळ संशोधन नसल्याचे दिसून आले. उपलब्ध आकड्यांवर ओढलेली ती एक ढोबळ रेषा होती. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करण्याचे सूत्र सुचविले.

याचा व्यावहारिक परिणाम लहान नाही. विश्रांतीत ५० ठोके असलेल्या चाळीस वर्षांच्या धावपटूचे कमाल ठोके सूत्रानुसार १८० येतात. कार्वोनेन पद्धतीने ७० टक्के तीव्रतेचा आकडा तेव्हा १४१ होतो. त्याचे प्रत्यक्ष कमाल ठोके १९२ असल्यास हाच आकडा १४९ होतो. एवढा फरक व्यक्तीव्यक्तींत सहज आढळतो. अशा धावपटूस सूत्र विनाकारण रोखून धरते. ज्याचे कमाल ठोके सूत्राहून कमी असतात, त्यास तेच सूत्र अतिश्रमाकडे ढकलते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. स्त्रीचे शरीर दीर्घ अंतर सोसणार नाही या समजुतीमुळे त्यांना मॅरेथॉनपासून दूर ठेवण्यात आले. १९६६ मध्ये बॉबी गिब अधिकृत क्रमांकाविना बोस्टन धावली आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ मध्ये प्रथम झाली. ती जोन बेनॉइट हिने २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. तरीही स्त्रियांसाठी स्वतंत्र सूत्र सुचविणारा गुलाटी आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध होण्यास २०१० साल उजाडावे लागले. त्यानुसार २०६ मधून वयाच्या ०.८८ पट वजा करावे लागते. पन्नास वर्षांच्या स्त्रीसाठी जुने सूत्र १७०, तर हे सूत्र १६२ ठोके देते. आधी प्रवेश नाकारणे आणि नंतर पुरुषी सरासरीने मोजणे, ही एकाच दुर्लक्षाची दोन रूपे होत.

शर्यतीतील गती

प्रशिक्षणात उपयुक्त ठरणारा आकडा शर्यतीत जसाच्या तसा लागू पडत नाही. वेग स्थिर असला तरी काही वेळानंतर ठोके हळूहळू वाढू लागतात. घामावाटे पाणी जाते, त्वचेकडे अधिक रक्त वळते, प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त घटते आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदय अधिक वेळा आकुंचन पावते. त्यामुळे ठोके स्थिर ठेवू पाहणाऱ्यास वेग कमी करावा लागतो. १९८३ पासूनची पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आणि २००४ मध्ये सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन यांमुळे हा विषय महाराष्ट्रातील सामान्य धावपटूपर्यंत पोहोचला. मुंबईत सागरकिनाऱ्याची दमट हवा आणि परतीच्या वाटेवरील पेडर रोडचा चढ यांमुळे थंड प्रदेशातील तक्ते तेथे अपुरे पडतात.

इंधनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. १९२४ मध्ये बोस्टनच्या धावपटूंच्या रक्ततपासणीत, थकून गेलेल्यांच्या रक्तातील साखर खाली गेल्याचे आढळले. १९६७ मध्ये स्कँडिनेव्हियन संशोधकांनी स्नायूंतील शर्करासाठा आणि सहनशक्ती यांचा संबंध दाखविला. वेग जितका अधिक, तितका हा मर्यादित साठा लवकर संपतो. म्हणून पूर्वार्धात ठोक्यांची वरची मर्यादा पाळणे ही हृदयस्पंदन पद्धतीची खरी उपयुक्तता होय. उत्तरार्धात मात्र आकड्यापेक्षा श्वास, पाय आणि उरलेले अंतर यांचा अंदाज अधिक विश्वसनीय ठरतो. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अंकांची श्रमानुभवाची जी श्रेणी तयार केली, तिने या अंदाजालाही शास्त्रीय स्थान दिले. २०२३ मध्ये शिकागो येथे केल्विन किपटूम याने २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याने पूर्वार्ध ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि उत्तरार्ध ५९ मिनिटे ४७ सेकंदांत धावून काढला. संयमाने आरंभ करण्याचे मोल त्यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

हृदयस्पंदनाचा आकडा प्रथम भयाचे, नंतर प्रशिक्षणाचे आणि शेवटी बाजारपेठेचे साधन झाला. प्रत्येक टप्प्यावर थोड्या लोकांवरील निरीक्षण सर्वांना लागू करण्याची प्रवृत्ती दिसते. ही प्रवृत्ती निरुपद्रवी नाही, कारण चुकीच्या मर्यादेचा भार अखेर धावणाऱ्याच्या शरीरावर पडतो. सूत्राऐवजी प्रत्यक्ष चाचणीने ठरविलेले स्वतःचे कमाल ठोके, हवामान व चढउतारांचे भान आणि श्रमाची जाण, या तिन्हींच्या मेळातूनच मॅरेथॉनची गती ठरविणे योग्य होय. यंत्र ठोके मोजते. त्या ठोक्यांचा अर्थ लावण्याचे काम धावपटू आणि प्रशिक्षक यांनाच करावे लागते. महाविद्यालयीन क्रीडा विभागांनी घड्याळे पुरविण्यापूर्वी हा अर्थ लावण्याचे शिक्षण विद्यार्थी व विद्यार्थिनी या दोघांनाही देणे अगत्याचे आहे.