ड्रमवर बसलेली वायोला



आपल्या भजनी मंडळात गायला बायका, टाळ धरायला बायका. पण ढोलकी म्हटलं की शोध सुरू होतो कुणाच्या तरी दिराचा, नाहीतर शेजारच्या पोराचा. तो आला नाही की भजन लंगडं. म्हणून आज ताल धरणाऱ्या एका बाईची हकिकत सांगते. ती अमेरिकेतली. नाव वायोला स्मिथ.

आधी ड्रमविषयी थोडं. ऑर्केस्ट्रात चार-पाच ढोल आणि पितळी थाळ्या मांडून एकच जण बसलेला आपण पाहतो. पूर्वी मोठा ढोल एकाकडे आणि छोटा दुसऱ्याकडे असायचा. 1909 साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने मोठा ढोल वाजवायचं चांगलं पेडल बाजारात आणलं. असं पेडल आल्यावर पाय मोठ्या ढोलावर ठोका देऊ लागला आणि दोन्ही हात मोकळे झाले. मग गाण्याची ओळ संपून पुढची सुरू होण्याआधी जी छोटी जागा राहते, ती वादक हातांनी भरू लागले. तिला 'फिल' म्हणतात. आपला ढोलकीवाला कडवं संपताना ठेका सोडून एखादा तुकडा वाजवतो आणि बरोबर समेवर येतो ना, तसंच.

वायोलाचा जन्म 1912 चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या माउंट कॅल्व्हरी या लहान गावातला. सात बहिणी, दोन भाऊ. वडिलांना मुलींचं वाद्यवृंद करायचं होतं. सगळ्या आधी पियानो शिकल्या, मग एकेकीला एकेक वाद्य मिळालं. वायोलाची पाळी आली तेव्हा बाकी वाद्यं बहिणींकडे गेली होती, उरला होता ड्रम. उरलेलंच वाद्य तिने जन्मभर वाजवलं. 1938 साली तिने बहीण मिल्ड्रेडबरोबर बायकांचा बँड काढला. खांद्याच्या उंचीवर दोन मोठे ढोल लावायची तिची पद्धत लोक लांबून ओळखत.

1942 साली तिथले पुरुष वादक युद्धावर जाऊ लागले. तेव्हा वायोलाने संगीताच्या एका मासिकात रोखठोक लेख लिहिला: त्यांच्या जागी सुमार वादक घेण्यापेक्षा चांगल्या वाजवणाऱ्या बायका घ्या. पुढे ती फिल स्पिटाल्नी यांच्या बायकांच्या वाद्यवृंदात वाजवू लागली. त्यांचा कार्यक्रम रेडिओवरून घरोघरी ऐकला जाई. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि बायकांचे कितीतरी बँड बंद पडले. अडचणीच्या वेळी दिलेली जागा अडचण सरली की काढून घेतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. वायोला मात्र वाजवत राहिली, कारण हातातली कला कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. 2020 साली, वयाच्या 107 व्या वर्षी ती गेली.

आपल्याकडे मुंबईत डॉ. आबान मिस्त्री यांनी तबल्याचं एकल वादन केलं आणि तबला-पखवाजाच्या घराण्यांवर ग्रंथही लिहिला. तेव्हा हे काम बायकांचं नाही, असं म्हणायला जागा नाही.

आता शिकायचं कसं? ड्रम शिकणारे पहिला फिल असा बसवतात. चार मात्रा मोजायच्या आणि प्रत्येक मात्रेत चार ठोके, उजवा-डावा, उजवा-डावा. झाले सोळा. आधी एकाच ढोलावर, मग प्रत्येक ढोलावर चार-चार. तीन आवर्तनं साधा ठेका, चौथ्यात फिल, आणि पुढच्या एकवर पाय आणि थाळी एकदम. नवशिक्याचा हात फिलमध्ये पळतो, मग सम हुकते. त्यावर उपाय एकच: लय इतकी कमी ठेवायची की तोंडाने मोजता येईल, आणि मोजणं थांबवायचं नाही. सोळा जमत नसतील तर आठच वाजवायचे. पण एकवर यायचंच.

ढोलकीलाही हाच हिशेब. वाद्य नसेल तर उशी आणि दोन काठ्या पुरतात. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की पाच मिनिटं सगळ्या मिळून टाळीवर चार मात्रा मोजा. जिची टाळी डगमगणार नाही, तिच्या पुढ्यात ढोलकी सरकवा.