पागेची बेगमी

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील लष्करास लिहिलेले पत्र आपल्यापैकी बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असते. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, असा त्याचा आशय लोकांच्या तोंडी रुळला आहे, आणि व्याख्यानांतून तो वारंवार सांगितला जातो. त्यात वावगे काही नाही. परंतु ते पत्र एका बैठकीत सबंध वाचले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पत्राचा आरंभ रयतेपासून होत नाही. तो घोड्यांच्या दाणावैरणीपासून होतो, आणि शेवटही गवताच्या गंजीपाशीच होतो. रयतेविषयीची कळकळ मधल्या भागात आहे, आणि ती वैरणीच्या हिशेबातून उगवलेली आहे. हा हिशेब नीट पाहिल्यावाचून त्या कळकळीचे मोल पुरतेपणी कळत नाही, असे मला वाटते.

पत्र १६७४ च्या राज्याभिषेकाला थोडाच अवकाश असतानाचे आहे. ते चिपळूण भागातील हलवर्ण येथे असलेल्या पागेचे जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिले आहे. लष्कराचा तळ चिपळुणास पडला होता. घाटावर जाण्याची वेळ टळून गेली होती, म्हणून घोडी कोकणातच छावणीस ठेवावी लागली. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला साठा बराचसा आधीच खर्च होऊन गेला होता, आणि आसपासच्या मुलखालाही लष्कराचा उपद्रव लागला होता. तेव्हा कारकुनांकडून आणि गडागडांवरून जो गल्ला मिळाला, तो गोळा करून पागेची कशीबशी बेगमी करण्यात आली. पुढे चार महिने पाऊस. एवढ्यावर सारी घोडी जगवायची, हा प्रश्न होता.

जनावरांच्या शिध्याचे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. १९०९ साली शामशास्त्र्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केले, तेव्हा गोध्यक्ष आणि अश्वाध्यक्ष यांची प्रकरणे विद्वानांपुढे आली. त्यांत उत्तम घोड्यासाठी दोन द्रोण भिजवलेले अथवा शिजवलेले धान्य, एक प्रस्थ स्नेह आणि पाच पळे मीठ सांगितले आहे. बैलासाठी गवताखेरीज एक तुळा, म्हणजे शंभर पळे पेंड, दहा आढक कोंडा आणि पाच पळे मीठ अशी मापे दिली आहेत. आजच्या पशुआहाराच्या पुस्तकातही हेच घटक निराळ्या नावांनी भेटतात: ऊर्जेसाठी धान्य आणि तेल, प्रथिनांसाठी पेंड व कडधान्य, पोट भरण्यासाठी चारा आणि वर क्षार. मात्र कौटिल्याचे कोष्टक भरल्या कोठाराचे आहे. कोठार अर्धे रिते असताना काय करावे, याचा विचार चिपळूणच्या पत्रात आहे.

कोकणात ही अडचण दुहेरी होती. तेथे भाताचा पेंढा उदंड. पण पेंढ्याच्या शंभर भागांत प्रथिने जेमतेम तीन-चार भाग असतात. बैल रवंथ करणारा प्राणी; त्याच्या चार कप्प्यांच्या पोटातील सूक्ष्म जीव पेंढ्यातूनही बरेच सत्त्व काढून देतात. घोडा रवंथ करीत नाही. त्याच्या पोटात चारा आंबतो तो अगदी शेवटच्या टप्प्यात, मोठ्या आतड्यात. म्हणून निकृष्ट चाऱ्यावर बैल निभावतो, तसा घोडा निभावत नाही. त्याला दाण्याची जोड लागते. कोकणात आणि देशावर पिकणारा कुळीथ या कामी मोलाचा. त्यात प्रथिने शंभरात सुमारे बावीस भाग. पण तो भिजवून, शिजवून द्यावा लागतो, आणि कुळथाला कोठार लागते. पावसाळी गवत हिरवेगार दिसले, तरी त्यात पाणीच फार. आणि साठवलेले गवत एकदा भिजले, की त्याला बुरशी धरते.

थोडे गणित करून पाहू. दख्खनी तट्टू लहान चणीचे. त्याला दाणा आणि वाळला चारा मिळून दिवसाला सुमारे सात किलो खाद्य लागते असे धरले, तर शंभर घोड्यांच्या पागेला रोज सातशे किलो, आणि एकशेवीस दिवसांना चौऱ्यांशी हजार किलो खाद्य हवे. पहिल्या महिन्यात शिपायांनी मन मानेल तसे दुप्पट चारले, तर साठा तीन महिन्यांतच संपतो, आणि चौथ्या महिन्यात, भर पावसात, चिपळूणच्या बाजारात पैसे देऊनही वैरण मिळत नाही. महाराजांनी नेमके हेच बजावले आहे: आहे तोवर बेफामपणे चाराल, संपल्यावर घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. शिवाय घोड्याचे जठर लहान असते. एके दिवशी दाण्याची चंगळ आणि दुसऱ्या दिवशी उपास, असे झाले तर त्याला पोटशूळ होतो, खुरे सुजतात. रोजच्या रोज ठरलेला वाटा द्यावा, म्हणजे घोडी हळूहळू धडधाकट होतील, असे त्या पत्रात सांगितले आहे. आजचा पशुवैद्यही याहून निराळे सांगणार नाही.

यापुढची पायरी रयतेची आहे. वैरण संपली, की शिपाई गावात शिरणार. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. मग कसाबसा जीव धरून राहिलेला कुणबीही गाव सोडील, आणि त्याला आपले लष्कर मोगलांहून वाईट वाटेल. म्हणजे कोठारात आज झालेली उधळपट्टी दोन महिन्यांनी कुणब्याच्या दारात जुलूम होऊन उभी राहते. यावरचा उपायही पत्रात आहे. तुमच्या वाटण्या खजिन्यातून पदरात घातल्या आहेत; जे लागेल ते बाजारात जाऊन विकत घ्या. जुलूम करू नका, एवढे म्हणून भागत नाही. जुलुमाची गरजच पडू नये, अशी तजवीज आधी करावी लागते.

एका जागी कारकुनी करणाऱ्या माणसाची दृष्टी विशेष खिळते. कारकून पावसाळा पुरेल अशा बेताने जे देतील तेच घ्यावे. त्यांच्याशी धुसफूस करू नये, अमुकच द्या म्हणून हटून बसू नये, कोठारात घुसून लूट करू नये, असे महाराज घोडेस्वारांना बजावतात. तलवार बाळगणाऱ्या माणसापुढे माप हाती घेऊन ‘आज एवढेच’ म्हणणे सोपे नसते. त्या म्हणण्याला या पत्राने राजाचे बळ दिले. शेवटी आगीचा इशारा येतो: चूल, तंबाखूचा विस्तव, उंदराने ओढून नेलेली जळती वात. एक गंजी पेटली तर सारी पागा जाईल. मग कोणाचे शिर मारले, तरी एक लाकूड परत मिळणार नाही.

या कथेतले दोन शब्द आपल्या भाषेत अजून नांदत आहेत. घोड्याच्या ठरीव खाद्याला रातीब म्हणत. आज मुलखाबाहेर राहणारी आपली मंडळीही दुधाचा ‘रतीब’ लावतात, तो हाच शब्द. दुसरा शब्द छावणी. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत मराठवाड्यात व माणदेशात सरकारी साहाय्याने चारा छावण्या उघडल्या, आणि शेतकरी आपल्या गुराढोरांसह महिनोन् महिने तेथे राहिले. तेथेही कोणी तरी रोज सकाळी जनावरे मोजीत होते, चारा तोलून देत होते आणि वहीत आकडा मांडीत होते. ते काम नीरस असते, त्याची बखर कोणी लिहीत नाही. पण तो आकडा खोटा पडला, तर आधी जनावर उपाशी राहते आणि मागोमाग माणूस. चिपळूणच्या पत्राने ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहे.