कुर्ल्याची फियाट आणि उत्तरपाड्याची अॅम्बॅसिडर

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया जंक्शन जवळजवळ मध्यावर येते. तिथून मुंबई सुमारे ९७० किलोमीटर, तर हावडा सुमारे १,०००. जिल्ह्यातल्या सडक-अर्जुनी आणि देवरी तालुक्यांतून मुंबई-कोलकाता महामार्गही जातो. भारतीय रस्त्यांवर तीन दशके मिरवलेल्या दोन मोटारी याच वाटेच्या दोन टोकांना तयार होत: फियाट मुंबईत कुर्ल्याला, अॅम्बॅसिडर हावड्याजवळ उत्तरपाड्याला.

अॅम्बॅसिडर बनवणारी बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ मध्ये उत्तरपाड्याला गेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये काढली. मात्र या मोटारींना इतके दीर्घायुष्य लाभले ते सरकारी धोरणामुळे. सुटे भाग देशातच बनवण्याची तयारी असलेल्या कंपन्यांनाच १९५३ नंतर वाव उरला. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी जुळणीचे कारखाने बंद केले. मद्रासची स्टँडर्ड सोडली, तर गिऱ्हाइकापुढे या दोनच गाड्या राहिल्या आणि त्यांच्यासाठीही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. स्पर्धाच नसल्याने दोन्ही कारखान्यांनी मूळ आराखड्यात फारसा बदल केला नाही. हा दोष मोठा होता.

अॅम्बॅसिडर १९५७ मध्ये आली. ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली होती आणि तिला लवकरच १,४८९ सीसीचे इंजिन मिळाले. फियाट ११०० इटलीची, १,०८९ सीसीची. पन्नासच्या दशकातल्या तिच्या जुन्या रूपाला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. दोन्हींचा गिअर स्टिअरिंगजवळ असे, म्हणून पुढच्या बाकासारख्या सीटवरही तिघे बसत.

फियाट हलकी होती आणि लांबीला सुमारे चाळीस सेंटिमीटरने कमी. ती पेट्रोल कमी खाई आणि गल्लीत सहज वळे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला उचलले ते याचमुळे. अॅम्बॅसिडर जड आणि ऐसपैस. मागे तीन धिप्पाड माणसे आरामात बसत, डिकीत सामान मावे, आणि खड्ड्यांचा मार ती निमूट सोसे. सरकारी कचेऱ्यांची ती हक्काची गाडी झाली. १९८० च्या सुमारास डिझेल इंजिन आल्यावर लांबच्या भाड्यांनाही ती परवडू लागली.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि दोघींची सद्दी ओसरली. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा पद्मिनीचे उत्पादन संपत आले होते. अॅम्बॅसिडर २०१४ मध्ये थांबली. चालवण्याचे सुख आणि यंत्राची सफाई पाहिली तर फियाट सरस होती. पण गोंदियाच्या भातपट्ट्यातल्या चिखलाच्या, उखडलेल्या रस्त्यांवर कुटुंब आणि सामान घेऊन जायचे, तर अॅम्बॅसिडरच अधिक भरवशाची होती.