बटाट्यातली बांगडी

'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला त्याहून मोलाचा वाटतो 'बांगडी' हा शेतकऱ्यांनी दिलेला शब्द. या रोगात झाड हिरवं असतानाच माना टाकतं आणि बटाटा आडवा कापला की आत तपकिरी कडं दिसतं. पुणे जिल्ह्यातल्या या रोगावर कॅपल यांनी १८९२ साली टिपण लिहिलं; जिवाणूचं वर्णन एर्विन स्मिथ यांनी अमेरिकेत १८९६ मध्ये केलं.

आमच्या बेळगावकडे बटाटा खरिपात, पावसावर होतो. ओल आणि ऊब या जिवाणूला मानवते. तो बियाण्यातून येतो अन् एकदा जमिनीत शिरला की लवकर हलत नाही. म्हणून बियाणं निरोगी, शक्यतो अख्खंच लावायचं. त्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं मका, नाचणी घ्यायची. वांगी, टोमॅटो, मिरची नाही, ती बटाट्याचीच भावंडं.

आता सगळ्यालाच 'मर' म्हणतात. 'मर' म्हटलं की झाड मेलं एवढंच कळतं. 'बांगडी' म्हटलं की बटाटा कापून बघायचा, हे त्या शब्दातच येतं. म्हणून हा शब्द आपल्या नोंदीत राहायला हवा.